महानंदा बैठकीला येत नाही

परत आल्यापासून आळीतली प्रत्येक जण एकच विचारते, "नांदेडला जाऊन गुरुद्वारा बघितलास ना?" बघितला. लंगरमध्ये जेवले, डाळ दोनदा मागून घेतली, आणि माझ्या चपला कुणीतरी पुसून ठेवलेल्या पाहून ओशाळलेसुद्धा. पण खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत माझं लक्ष कशातच नव्हतं. एका बाईचा फोन लागत नव्हता, आणि ती बाई तोवर मी पाहिलेलीही नव्हती.

मी रत्नागिरीची. समुपदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली आणि जात्याच काळजीखोर. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ओढून बघणारी. आमचे हे म्हणतात, "लोकांना 'काळजी करू नका' सांगायचा पगार तू घ्यायचीस, यासारखा विनोद नाही." असो.

लातूरच्या एका लहान संस्थेत काम करणारी शोभा मला पुण्याच्या एका प्रशिक्षणात भेटली होती. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांवर देखरेख तिच्याकडे. तिच्या कामाची रीत अशी : गावातल्या ज्या गरीब बायांचं मन खचलंय, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच राम वाटत नाही, अशा दहा-बारा जणींना आठवड्यातून एकदा गोल करून बसवायचं आणि बोलतं करायचं. त्याच्या जोडीला काही महिने प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात थोडे पैसे टाकायचे. त्याला अट नाही, त्याचा हिशेबही मागायचा नाही.

ऐकूनच मला धास्ती वाटली. पैसे म्हटल्यावर कोण खरं रडतंय आणि कोण हप्त्यासाठी, हे कळायचं कसं? नवऱ्यांचा डोळा खात्यावर राहील ते वेगळंच. शोभाला मी हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "या आणि स्वतः बघा. मग भांडू." म्हणून गेले.

नांदेड

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. संक्रांत होऊन रथसप्तमी जवळ आलेली. आमच्याकडे या दिवसांत पहाटे जेमतेम पांघरूण लागतं, इथं माणसं कानटोप्या घालून चहा पीत होती. शोभा शाल लपेटून उभी होती. चाळिशीची, मूळची निलंग्याची, तुरुतुरु चालणारी बाई. मला स्टेशनसमोरच्या हॉटेलात नेऊन बसवलं आणि विचारलं, "सुशीला खाणार का?"

माझ्या जावेचं नाव सुशीला. तीस वर्षांत आमचं कधी पटलं नाही, त्यामुळे तोंडून आधी "नको"च निघालं. प्लेट आली तर भिजवलेले मुरमुरे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट. जावेपेक्षा बरीच मवाळ निघाली. मी सगळी संपवली.

शोभा मात्र खात नव्हती. फोन कानाला लावायची, खाली ठेवायची.

"बंदच येतोय," ती म्हणाली. मी विचारलं तेव्हा कळलं.

लातूरजवळच्या मुरुडकडच्या एका गावात तिचा गट आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गटात महानंदा. नवरा दोन वर्षांमागे अटॅकनं गेला, पोरगी पुण्याला दिलेली, ही घरात एकटी. सुरुवातीच्या तीन बैठकांत तिनं हूं की चूं केलं नाही. चौथ्या बैठकीत एकदम म्हणाली, "विहिरीवर पाणी आणाया जाते तवा परत यावंच वाटत न्हाई."

शोभानं त्याच दिवशी तिला लातूरला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पोरीला बोलावून घेतलं, ती आठ दिवस राहून गेली. गटातल्या बाया आळीपाळीनं तिच्या घरी जाऊन बसायला लागल्या. खात्यात आलेल्या पैशातून महानंदा स्वतः एसटीनं लातूरला जायची, तपासून यायची, गोळ्या आणायची. दोन महिन्यांत बाई जेवायला लागली, हसायला लागली.

"आणि मग माझी आई दवाखान्यात पडली," शोभा म्हणाली. "तीन बैठका मला जाताच आलं न्हाई. गावातली कल्पना चालवून राहिली. ती म्हणते, ताई, बैठक एकदम झकास चाललीय, फक्त महानंदाअक्का येत न्हाईत."

"कामून येत नाही ते विचारलंस?" 'कामून' म्हणजे का, हे मी तिच्याच तोंडून उचललं होतं.

"विचारलं की. ती म्हणते, काय की बाई."

वीस वर्षं हेच काम केलंय मी. बोलणारं माणूस गप्प झालं की जीव उडतो तो उगाच नाही. "आपण आत्ताच जाऊया," मी म्हटलं. पण अर्धापूरच्या बाया दुपारी वाट बघत असणार, आणि मुरुडकडची बैठक परवा. शोभानं कल्पनाला तिथूनच फोन लावून महानंदाच्या घरी पाठवलं, आणि शेजारणीला रात्री तिच्याकडे निजायला सांग म्हणून बजावलं. तासाभरानं कल्पनाचा फोन आला. महानंदानं दार अर्धं उघडलं, "बरी हाय" म्हणाली आणि लावून घेतलं.

"चला, बरी आहे म्हणे," शोभा म्हणाली. दोघींचाही त्यावर विश्वास नव्हता.

अर्धापूर

अर्धापूरच्या वाटेवर दोन्हीकडे केळीच केळी. आमच्याकडे केळ म्हणजे न्हाणीघरामागच्या पाण्यावर वाढणारी चार झाडं, इथं मैलच्या मैल. घड निळ्या पिशव्यांत गुंडाळलेले. शोभा म्हणाली, पोरापेक्षा जास्त जपतात.

बैठक केळी भरायच्या शेडमध्ये होती. खाली पोती अंथरलेली, कोपऱ्यात क्रेटची थप्पी. बाया कामावरून तशाच आलेल्या, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. हे डाग कशानंच जात नाहीत म्हणे. शोभानं विचारलं, "आठवड्यात काय झालं, कोण सांगतं?" आणि एकामागून एक बोलू लागल्या. कुणी भांडणाचं, कुणी झोपेचं. एकीनं नुसतंच "आज काई न्हाई" म्हटलं, तर बाकीच्यांनी तेही नीट ऐकून घेतलं.

चंद्रकला नावाच्या बाईनं पैशातून खुर्ची घेतली होती. प्लॅस्टिकची, लाल. "घरात खुर्च्या हायत, पर त्या गडीमाणसांच्या," ती म्हणाली. "मी जमिनीवर. म्हणलं आपली एक आसू द्या. सासू बोलली, लई म्हाराणी झाली का? म्हणलं हाव, झाले!" सगळ्या खदखदून हसल्या.

मी माझी शंका काढलीच. "खरं सांगा, पैसे नसते तर आला असतात?"

"पैशासाठीच आले पहिल्यांदा. खोटं कामून बोलू?" चंद्रकला म्हणाली. "खात्यात पैसा यायला लागला तवा कुठं चालली म्हणून घरचे अडवंनात. पर नुसता पैसा आला असता तर नवऱ्यानं नेला असता. इथं बोलले, ह्या साऱ्याजणी म्हणल्या देऊ नको, तवा छाती झाली."

शोभा माझ्याकडे बघून गालात हसत होती. भांडायचं होतं, पण भांडण तिथंच मिटलं.

मुक्काम विष्णुपुरीला, शोभाच्या मावसबहिणीकडे. संध्याकाळी धरणावर नेलं. गोदावरीचं थोपवलेलं पाणी लांबच लांब पसरलेलं, त्यावर पाणकावळे, मागे मावळता सूर्य. मी समुद्राकाठची, पाणी दिसलं की मला एरवी हायसं वाटतं. त्या दिवशी मात्र काठाशी उभं राहवेना. शोभाही पाण्याकडे पाठ करून फोनवर बोटं फिरवत होती. आम्ही लगेच परतलो. रात्री जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. आमटी इतकी झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मावसबहीण घाबरून गूळ घेऊन धावली. मी म्हटलं, "असू दे गो, बरं वाटतंय."

अहमदपूरच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत बसलो आणि अहमदपूरच्या अलीकडे टायर गेला. भर माळावर. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक घेऊन खाली उतरले, प्रवासी बाभळीच्या सावलीत पांगले. दुसरा कुठला दिवस असता तर मी म्हटलं असतं, वा, काय छान! एका शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. शेतकरी आजोबांनी हात करून सगळ्या बसलाच बोलावलं. गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारली की हिरवे दाणे तळहातावर. वर शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला आधी नाव-गाव विचारतात, मग पाणी. इथं हातात हुरडा पडल्यावर म्हातारबा म्हणाले, "कुठल्या तुमी?"

रत्नागिरी म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "आरारा! म्हंजी हुरडा न्हाई तुमच्याकडं?"

मी खात होते आणि घड्याळ बघत होते. शोभानं हातातला हुरडा तसाच पदरात बांधला. महानंदाचा फोन अजून बंद होता. कल्पनानं सकाळी सांगितलं होतं की शेजारीण जाऊन आली, पण महानंदानं "मला कुणी सोबत नको" म्हणून तिला परत पाठवलं. मी शोभावर चिडले. "पुण्याला पोरीला कळवलंस का?" "कालच कळवलं. उद्या निघतीये." "आणि डॉक्टरांना?" "त्यांनाबी." मग चिडायला काही उरलं नाही तेव्हा मी टायरवर चिडले. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, टायरला बोलून काय फायदा? त्याला कान न्हाईत." तेवढ्यातही शोभाला हसू फुटलं.

लातूरला पोचेपर्यंत अंधारलं. रात्रीतून तीन वेळा उठून मी फोन बघितला.

मुरुड आणि पुढे

सकाळी मुरुडला उतरलो. बाजाराचा दिवस नसूनही पेठेत वर्दळ होती. कडब्याच्या गाड्या, गुळाच्या ढेपा, भांड्यांची दुकानं. चौकात सलीमभाईंचं मोबाइलचं दुकान. तिथंच बँकेचं अंगठ्याचं यंत्र, आसपासच्या गावांतल्या बाया अंगठा लावून पैसे नेतात. शोभानं विचारलं, "भाई, महानंदाअक्का येऊन गेल्या का या महिन्यात?"

सलीमभाई डोकं खाजवत म्हणाले, "न्हाई ताई. आल्याच न्हाईत. दर टायमाला पहिला नंबर त्यांचाच ऱ्हायचा. आजारी हायत का? खैरियत हाय ना?"

शोभा माझ्याकडे बघायला लागली. पैसे उचलले नाहीत म्हणजे लातूरला गेली नाही. गेली नाही म्हणजे गोळ्या संपल्या. दोघींच्याही डोक्यात हेच आलं. समोर उभी असलेली जीप केली आणि निघालो. वाटेत मी देवाचं नाव घेत होते. एरवी मी घेत नाही.

महानंदाच्या दाराला बाहेरून कडी होती. अंगण झाडलेलं, अंगणातली चूल सारवलेली. इतकी आवराआवर बघून मला उलट जास्तच भीती वाटली. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"अक्का? आत्ता तर होती. विहिरीकडं गेली आसंल."

मला साठी उलटून गेलीय, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी धावायचं नाही म्हणून सांगितलंय. त्या काळ्या रानातून मी पळाले. ढेकळांत पाय मुरगळला, चप्पल एकीकडे राहिली. शोभा माझ्या पुढे, विहिरीच्या काठावर पालथी पडून ती आत बघत होती. मीही बघितलं. खोल, आमच्या जांभ्याच्या विहिरीच्या तिप्पट खोल. तळाशी हिरवट पाणी, मोटारीचा पाइप, एक पारवा फडफडून वर आला. बाकी काही नव्हतं. पाणी स्थिर होतं.

"न्हाई," शोभा म्हणाली. "इथं न्हाई." आणि तिथंच बसून तिनं पदरानं तोंड पुसलं. मी जाऊन मागे राहिलेली चप्पल पायात घातली.

बैठकीची वेळ होत आली होती. बायांना घेऊन सगळीकडे शोधू, असं ठरवून आम्ही मठाकडे गेलो. गाव निम्मं लिंगायतांचं, बैठक मठाच्या ओसरीवर व्हायची. लांबूनच हसण्याचा आवाज आला. जवळ जाऊन बघते तर बाया ठेवणीतल्या साड्या नेसून बसलेल्या, मध्ये तबक, हळदीकुंकवाची कोयरी, तिळगूळ, वाणाला प्लॅस्टिकचे डबे. एक जण उखाणा घेत होती.

कल्पना लगबगीनं पुढं आली. तिशीतली, चुणचुणीत. "ताई, बगा की कशी गर्दी झालीय! पारावरचे लोक 'येड्यांची बैठक' म्हणून हसून राहिले होते. दोघी-तिघींच्या सासवा पाठवंनात. म्हणलं संक्रांत आलीच हाय, हळदीकुंकू म्हणावं. आता कुणी अडवत न्हाई."

पोरगी हुशार, असंच माझ्या मनात आधी आलं. आणि मग कोयरीकडे लक्ष गेलं. आमच्या रत्नागिरीत हल्ली विधवांना बोलावत नाहीत असं नाही. बोलावतात. फक्त कोयरी त्यांच्यापाशी आली की सगळ्या एकदम दुसरीकडे बघतात. माझ्या आईनं शेवटची पंधरा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात स्वयंपाकघरात बसून कॉफी गाळली.

"महानंदाला काय निरोप दिलास?" मी कल्पनाला विचारलं.

"सगळ्यांला दिला तोच. हळदीकुंकवाला या म्हणून..."

बोलता बोलता ती थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. इतक्या बाया, पण तीन आठवड्यांत एकीच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"कशी येईल गं ती?" शोभाचा आवाज फाटला. "कुंकवाला बोलावलंस तिला? जिनं विहिरीचं सांगितलं होतं तिला?"

"मी कुठं येऊ नको म्हणले?" कल्पना रडकुंडीला आली. "मपल्या डोक्यातच आलं न्हाई ताई!"

नागम्मा नावाची सगळ्यांत म्हातारी बाई भिंतीला टेकून उठली. "भांडता कामून? कुंकू उचला ते. मठात इभूत हाय. इभूत साऱ्यांलाच लागती, सवाष्ण असू द्या न्हाईतर रांडमुंड. तिला आणा, मी लावते." आणि गाभाऱ्यातून विभूतीची वाटी घेऊन आलीसुद्धा. मला अगदी हायसं वाटलं. काय सुंदर तोड काढली म्हातारीनं! आता फक्त बाई सापडली पाहिजे.

"चला, उठा साऱ्याजणी," शोभा म्हणाली, "आधी तिला शोधू."

"शोधू नका. हितंच हाय मी."

मठाच्या बाजूच्या बोळातून एक बाई आली. उंच, वाळलेली, विटकरी लुगडं, पाठीला भिंतीचा चुना लागलेला. शोभा धावत गेली आणि तिला मिठी मारून हुंदके द्यायला लागली. महानंदानं तिच्या पाठीवर हात फिरवला, जणू सांत्वन शोभाचंच करायचं होतं.

नागम्मा वाटी घेऊन पुढं आली. बोट विभूतीत बुडवलं, हात वर केला. महानंदानं तिचं मनगट धरलं.

"कुंकू नको, इभूत बी नको, आई. माझं कपाळ सोडून द्या. मला नुसतं बसू द्या."

नागम्मानं हात खाली घेतला. कुणीतरी तबक ओढून बाजूला सारलं. महानंदा येऊन गोलात बसली. दोन्हीकडच्या बायांनी तिला जागा केली.

शोभानं डोळे पुसत विचारलं, "फोन बंद, पैसे उचलले न्हाईत, का गं? गोळ्या?"

"फोन मीच बंद केला, कुणाशी बोलावं वाटंना. गोळ्या सरल्या. पैसे बैठकीचे हायत ना? मी बसले न्हाई, मग कशे घिऊ?"

"त्याला अट नाही, सांगितलं होतं की!"

"सांगितलं होतं. पर घ्यावं वाटलं न्हाई."

"अन् आत्ता होतीस कुठं? आम्ही विहीर बघून आलो गं!"

महानंदानं बोळाकडे मान वळवली. "भिताडामागं. दर बैठकीला येऊन बसते. आत यायला जमंना, घरात राहवंना. म्हणलं ऐकू तर येईल. कुणी आपलं सांगंल, तेवढंच मला बरं वाटंल." ती एकेकीच्या तोंडाकडे बघत गेली. "तीन येळा बसले. तुमी नुसते उखाणेच घेतलात. आज तरी कुणी रडा की गं."

सगळ्यांत आधी रडली ती कल्पना.